खोताने मासळीचा वाटा घेतला ते वर्ष

मागच्या महिन्यात हातखंब्याजवळच्या एका हॉटेलात कार्यशाळा होती. विषय होता शाश्वत विकासात आदिवासी समाजाची भूमिका, आणि मला त्यातली दहा मिनिटं मिळाली होती. बोलावणारी मुलगी फोनवर फार अदबीने बोलत होती. शेवटी जरा चाचरत तिने विचारलं, की मॅडम, पारंपरिक वेशात येता येईल का? मी आरोग्यसेविका आहे. निम्मं आयुष्य गणवेशाची साडी नेसून आणि खांद्याला लसींचा डबा अडकवून काढलंय. माझा पारंपरिक वेश तोच, असं मी सांगितलं. मग साधं चालेल, असं ती म्हणाली. हॉल थंडगार होता, प्रत्येकापुढे पाण्याची प्लास्टिकची बाटली होती आणि पडद्यावर झाडाला मिठी मारलेल्या एका म्हातारीचं चित्र होतं. आमच्यात झाडाला कुणी मिठी मारत नाही, मुंग्या चावतात. मी बोलायला उभी राहिले, आमच्या खोतापर्यंत पोचले आणि वेळ संपल्याची घंटी वाजली. तेव्हा उरलेलं इथे लिहिते.

आमची कातकरवाडी खेडपासून बरीच आत, जगबुडीला जाऊन मिळणाऱ्या एका नदीच्या काठावर आहे. कारवीच्या कुडाची वीसेक घरं, पुढे नदी, मागे खोताची आंब्याची बाग आणि त्याच्याही वर सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, जिथे गवतसुद्धा पावसाळ्यापुरतंच उगवतं. जमीन खोताची, झाडं खोताची, नदी सरकारची आणि राहणारे आम्ही, अशी व्यवस्था आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली. आमचं घर म्हणजे एक खोली. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्या कोपऱ्यात बापाचं पाग, म्हणजे फेकून मारायचं जाळं, आणि तिसऱ्या कोपऱ्यात माझं दप्तर. चौथ्या कोपऱ्यात कोंबड्या. नदीचा आवाज इतका सवयीचा होता, की तो ऐकू येत नसे. पुढे नोकरीला लागल्यावर क्वार्टरमध्ये पहिले कित्येक दिवस झोप लागेना तेव्हा कळलं, की काहीतरी बंद पडलंय. सकाळी आई, तिचं नाव बायजा, डोक्यावर मोळी किंवा कमरेला खेकड्यांची टोपली घेऊन खेडच्या बाजाराला निघायची. येताना सुकट आणि मीठ आणायची. नाचणीची भाकरी, खेकड्याचं कालवण, थंडीत रानातून खणून उकडलेले करांदे, आणि काहीच नसेल तेव्हा तिखट-मीठ घातलेलं भाताचं पाणी. हल्ली याच करांद्यांना लोक शहरात काहीबाही नाव देऊन भरभरून बोलतात. आम्ही ते खायचो कारण तांदूळ संपलेले असायचे.

आता बांधाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. शिमगा झाला की नदी आटायला लागते. मग सगळी वाडी मिळून नदीच्या एका फाट्यावर दगड, पाला आणि चिखल यांचा बांध घालते, आतलं पाणी घमेल्यांनी उपसते आणि उरलेल्या चिखलातून वाम, मरळ, मुऱ्या, झिंगे हाताने वेचते. दिवसभर पाणी फेकल्याचा आवाज, कुत्र्यांची धावाधाव, बायकांची शिवराळ थट्टा. संध्याकाळी सागाच्या पानांवर वाटे पडायचे. बाप्या असो की बाई, विधवा असो की आदल्याच आठवड्यात लग्न होऊन आलेली, वाटा सगळ्यांना सारखा. आणि त्या वेळी काठावर जो कोणी उभा असेल, मग तो वाटसरू का असेना, त्यालाही पान. एवढं ऐकलं की सुशिक्षित माणसांचे डोळे पाणावतात, आणि इथेच ते उठून जातात.

उरलेलं असं, की वाटा घेतला तो बांधाचा भागीदार झाला. भागीदाराने पावसाआधी बांध मोडायला यायचं, नाहीतर पहिल्या पाण्याला मासा वर चढत नाही. पुढल्या शिमग्यानंतर नवा बांध घालायलाही यायचं. आणि तो नवा बांध पडेपर्यंत एका भागीदाराने दुसऱ्याची चूल हलवायची नाही. भाऊ भावाला वाडीबाहेर काढत नाही, सासरा सुनेला काढत नाही. भांडण असेल तर बांधानंतर. यात थोरपण काही नाही. माणूस हाकललं तर दगड कोण उचलणार, एवढाच हिशेब. जो भागीदार बोलावूनही येणार नाही त्याच्या दारात सगळ्या वाडीने जाऊन बसायचं. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. फक्त बसायचं, आणि तो उठेपर्यंत दोन्ही वेळचं जेवण त्याच्याकडचं. जुन्या खोताला हे पुरतं ठाऊक होतं. बांधाच्या दिवशी तो नदीकडे फिरकत नसे. मासा हवा असेल तर आधी टोपलीभर भात पाठवायचा आणि मग मासा मागायचा. त्याचा मुलगा बापू मुंबईत शिकला आणि बाप गेल्यावर बाग सांभाळायला परत आला. त्याला कलमं समजत होती, बाजारभाव समजत होता. बांधाबद्दल कोणी त्याला सांगितलं नव्हतं, आणि आपण होऊन सांगायला आम्हाला काय पडलं होतं?

मी आठवीत होते तेव्हा बापू खोताच्या ओळखीने वाडीत एक संस्था आली. तिचे संचालक, ज्यांना सगळे सर म्हणायचे, खादीच्या झब्ब्यात आणि नव्या जीपसकट आले. वाडी बघून ते खूश झाले. कारवी, शेण, चूल, नदी; त्यांना जे जे हवं होतं ते सगळं जागच्या जागी होतं. फक्त आमची अडचण होत होती. त्यांची योजना अशी होती: नदीकाठी निसर्ग केंद्र उभं करायचं. शहरातले लोक तिथे कुडाच्या झोपड्यांत येऊन राहतील, चुलीवरचं जेवतील, नदीत पाय सोडून बसतील आणि आदिवासी निसर्गाशी जुळवून कसा जगतो ते शिकतील. झोपड्यांसाठी जागा म्हणून आमच्या झोपड्यांची जागा नक्की झाली होती, कारण सावली तिथेच होती. आम्हाला वर सड्यावर सिमेंटच्या पत्र्यांची पक्की घरं मिळणार होती. दिवसा वाडीतल्या निवडक माणसांनी खाली यायचं, राहतो तसं राहून दाखवायचं आणि संध्याकाळी परत सड्यावर जायचं. सरांनी हे दोन बैठकांत समजावलं. ते आम्हाला निसर्गाचे राखणदार म्हणायचे आणि त्यांच्या बोलण्यात हितधारक हा शब्द फार यायचा.

वाडीने एकमुखाने विरोध केला असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. निम्म्या बायकांना पक्कं घर हवं होतं, पावसात कूड गळतो तेव्हा तुम्हीही मागाल. माझ्या बापाला केंद्रावर राखणदाराची नोकरी आणि तिच्याबरोबर लंगोटी मिळणार होती. त्याने उभ्या आयुष्यात लंगोटी घातली नव्हती, त्याला खाकी हाफ पॅंट आवडायची, पण पगारापुढे तो तयार होता. फक्त आई एकच प्रश्न प्रत्येक बैठकीत विचारायची, की सड्यावर पाणी कुठून येणार. सर म्हणायचे, टँकर येईल. आई पुढच्या बैठकीत पुन्हा तेच विचारायची. वाडीचा नाईक धर्मा आजा मात्र काही बोलायचा नाही. तो ट्रान्झिस्टर कानाला लावून बसायचा आणि चहा आला की घ्यायचा. लोक त्याला पुढे फार शहाणा वगैरे म्हणाले. मला विचाराल तर तो आळशी होता, आणि आळशी माणसाला घर हलवायचा कंटाळा सगळ्यात जास्त असतो.

शिमग्यानंतर सरांनी सांगितलं, की मुंबईहून पैसे देणारे पाहुणे येतायत, त्यांना बांध दाखवू या. बांध आम्ही पाणी उतरलं की घालतो. पण पाहुण्यांना रविवारच सोयीचा होता, म्हणून त्या वर्षी नदी रविवारी उतरली. आदल्या दिवशी संस्थेची माणसं वाडी आवरायला आली. ॲल्युमिनियमची पातेली दडवली आणि खेडच्या बाजारातून मातीची मडकी आणून मांडली. आजाचा ट्रान्झिस्टर सुपाखाली गेला. मी शाळेच्या गणवेशात होते, तर मला मागच्या रांगेत उभं राहायला सांगितलं. प्लास्टिकची घमेली मात्र राहू द्यावी लागली, कारण मडक्यांनी नदी उपसून दाखवा म्हटल्यावर बायका इतक्या हसल्या, की सरांनी तो विषय सोडला.

पाहुणे दोघे होते, एक बाई आणि एक गृहस्थ. बांध चांगला झाला. संध्याकाळी धर्मा आजाने पानं मांडली आणि वाटे घातले. मग काठाकडे बघून आणखी चार पानं मांडली: दोन पाहुण्यांची, एक सरांचं, एक बापू खोताचं. सर आधी नको नको म्हणाले, हे तुमच्या पोटाचं आहे म्हणाले. आई म्हणाली, मांडलेलं पान मोडू नका. तेव्हा सरांनी पाहुण्यांना समजावून सांगितलं, की आदिवासींमध्ये माझं-तुझं नसतं, ते निसर्गाचं देणं सगळ्यांत वाटून खातात आणि बदल्यात काही मागत नाहीत. बाईंनी पानाचे फोटो काढले. बापू खोताने आपल्या पानावरची मरळ बोटाने दाबून बघितली, ती लहान वाटली म्हणून शेजारच्या पानावरची मोठी उचलली, आणि घरी घेऊन गेला. पाहुण्यांना मुंबईपर्यंत मासे नेणं जमण्यासारखं नव्हतं, तेव्हा त्यांची पानं सरांनीच गुंडाळून घेतली. त्यांच्या ड्रायव्हरने नंतर सांगितलं, की सरांनी ते रव्यात घोळून तळले आणि कुणाला एक तुकडा दिला नाही.

मला सगळं माहीत होतं, पण मागच्या रांगेला कोणी काही विचारत नव्हतं.

वैशाखात निरोप आला. सड्यावरची घरं उभी राहिली आहेत, पंधरवड्यात वाडी रिकामी करा, पावसाआधी झोपड्यांचं काम सुरू करायचंय. निरोप घेऊन बापू खोताचा गडी आला होता. धर्मा आजाने त्याला बसवलं, तंबाखू दिली आणि उलटा निरोप दिला, की खोताला म्हणावं बांध मोडायचाय, उद्या या. आणि सरांना पण घेऊन या. खोत आला नाही. दुसऱ्यांदा निरोप गेला तेव्हा तो हसला म्हणे. तिसऱ्या दिवशी पहाटे आईने चुलीत पाणी ओतलं. तिने चूल विझवलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. मग सगळी वाडी, पोरं, कुत्री आणि टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या घेऊन, खोताच्या अंगणात जाऊन बसली.

अंगणात आंब्याच्या पेट्या रचलेल्या होत्या, गवत पसरलं होतं. आंबा काढणीला आला होता आणि काढणारे आम्हीच होतो. म्हणजे जे हात झाडावर असायला हवे होते ते अंगणात मांडीवर होते. आमच्या रीतीने खोताला नमवलं असं मी कार्यशाळेत सांगितलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. खरं सांगायचं, तर रीत होतीच, पण आंबाही पिकत होता. दोन्हीतलं एकच असतं तर आज आम्ही कुठे असतो ते मला माहीत नाही.

सर त्याच दिवशी झोपड्यांची आखणी करायला आले होते. आधी त्यांना वाटलं, आम्ही निरोप द्यायला जमलोय. मग कुणीतरी सत्याग्रह म्हणालं, तेव्हा ते प्रसन्न झाले आणि त्यांनी दोन फोटो काढले. बापू खोत ओटीवर येऊन उभा राहिला. तो दुष्ट माणूस नव्हता, हे सांगायला हवं. त्याला मनापासून कळत नव्हतं.

“अगं बायजे,” तो आईला म्हणाला, “पक्की घरं बांधून दिली, तरी दारात येऊन बसलात?”

“घरां पक्की हायत. पाणी?”

“टँकर येल सांगितलंय ना.”

“टँकर मासे आनील?” आई म्हणाली. “खोतानू, वाटा घेतलाव तुमी. आमी सड्यावर गेलो तर फुडल्या साली बांद कोन घालनार, तुमी आनि सर? दोगांनी उपसतलाव नदी?”

बायका हसल्या. सरांनी कोणता वाटा म्हणून विचारलं. तेव्हा आईने मला पुढे ढकललं आणि शाळेच्या भाषेत सांग म्हणाली. मी सांगितलं. वाटा घेतला की भागीदार, भागीदाराने बांध मोडायचा, पुढचा घालायचा आणि तोवर कुणाची चूल हलवायची नाही. सर लक्ष देऊन ऐकत होते, चांगलं आहे म्हणत होते, हे लिहून ठेवायला हवं म्हणत होते. धर्मा आजाने तेवढ्यात तंबाखू थुंकली आणि म्हणाला, “आनि सायबांच्या नावावर तीन पानां हायत.” त्यानंतर सरांनी लिहून ठेवायचं म्हटलं नाही.

दुपारी जेवायची वेळ झाली. आम्ही उठलो नाही. तेव्हा आतून खोताची आई बाहेर आली. तिला अंगणातली माणसं बघून काही विचारावं लागलं नाही. तिने मुलाला एवढंच विचारलं, की तू मासा उचललास? एक मरळ होती, तो म्हणाला. “तुझ्या बापाशीन हयातभर त्यांचा मासा फुकट घेतलान नाय,” ती म्हणाली, “आनि तू उभ्या उभ्या मोठी बघून घेतलंस.” मग ती आत गेली आणि भाताचा मोठा टोप चुलीवर चढवला. दुपारचं तिने घातलं, रात्रीचंही घातलं. कुळथाची पिठी आणि भात. मीठ जरा कमी होतं. आम्ही पोरं तर मजेत होतो, दोन वेळा पोटभर भात मे महिन्यात एरवी कधी मिळायचा? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बागेत आंबे पडायला लागले. आवाज अंगणात ऐकू येत होता. बापू खोत प्रत्येक आवाजाला मान वळवायचा. भाताचा टोप पुन्हा चढताना बघून त्याने खांद्यावर टॉवेल टाकला, रात्री त्याच्याकडेच राहिलेल्या सरांना हाक मारली आणि नदी कुठल्या बाजूने जवळ पडेल ते विचारलं.

सड्यावरच्या घरांचं काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे मध्ये येणार नाही. पैसे खर्च झाले होते, तेव्हा केंद्र तिथेच झालं. सिमेंटच्या पत्र्यांवर पेंढा टाकला, भिंतींना शेण फासलं आणि पाहुणे आमच्या पक्क्या घरांत आदिवासी पद्धतीने राहायला आले. पाणी टँकरचं होतं. एक-दोनदा टँकर आलाच नाही, तेव्हा पाहुणे हंडे घेऊन खाली नदीवर आले. आईने त्यांना जागा दाखवली, प्रवाहाच्या खालच्या बाजूची. दोन उन्हाळ्यांत केंद्र बंद पडलं. संस्थेच्या एका पुस्तिकेत आमच्या बांधाची पद्धत लोकसहभागाचं उदाहरण म्हणून छापून आली, त्यात वाट्यापर्यंतचाच भाग आहे. वाडी आजही नदीकाठी आहे. जमीन आजही खोताच्याच नावावर आहे. ती आमच्या नावावर व्हावी म्हणून मी कचेरीत घातलेल्या खेपा हा वेगळा आणि कंटाळवाणा विषय आहे. पण बापू खोत बांध मोडायला आला म्हणून पुढला घालायला आला, घालायला आला म्हणून त्याला वाटा पडला, आणि वाटा पडला म्हणून पुन्हा मोडायला आला. यातून बाहेर पडायचा रस्ता त्याच्या बापाला सापडला होता, कारण तो आत शिरलाच नव्हता.

तर त्या दिवशी आम्ही नदीवर गेलो. खोताने धोतरासारखी लुंगी खोचली. सरांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, चष्मा ड्रायव्हरकडे दिला आणि पाण्यात उतरल्यावर मगरींचं काय म्हणून विचारलं. मगरी खाली जगबुडीत, धर्मा आजा म्हणाला, शक्यतो. मग आणखी काही जण उतरले. बांधाच्या वरच्या अंगाला पाणी हिरवं आणि जड झालं होतं. खोत आमच्याकडे न बघता म्हणाला, की यंदा राहू दे वाडी, फुडलं फुडं बघू. यंदा म्हणजे पुढला बांध पडेपर्यंत, हे त्याला न सांगताही समजलं होतं. माझ्या बापाने हळूच विचारलं, की म्हणजे नोकरी गेली का? आईने त्याला कोपर मारलं.

बांध मोडायचा म्हणजे वरून दगड काढत यायचे नसतात. एक-दोन मोक्याचे दगड हलवले की पाणीच बाकीचं काम करतं. खोताला ते माहीत नव्हतं. तो वाकला, दोन्ही हातांनी वरचा एक दगड धरला आणि जोर लावला. आई काठावर पदर खोचून उभी होती.

“तो नाय, खोतानू,” ती म्हणाली. “त्याच्या खालचा.”